मळीच्या पिंपातला कार्बोरेटर

दिवाळी होऊन आठवडा उलटला की आमच्याकडे हवेला वजन येतं. सकाळी बारामतीच्या या घराची मागची खिडकी उघडली की आधी थंडी आत येते आणि तिच्या मागून, जरा रेंगाळत, उकळत्या रसाचा गोडसर वास. त्यातच मिसळलेला असतो मळीचा वास. मळी म्हणजे उसाच्या रसातून साखर काढून घेतल्यावर उरणारा काळा, दाट, आंबूस पाक. पाहुण्यांना हा वास सोसत नाही. तुमची आई लग्नानंतर पहिल्यांदा ऊसगाळपाच्या हंगामात इथे आली, तेव्हा दोन दिवस ओढणी नाकाला लावून वावरत होती आणि मी विचारलं की "सर्दी झालीय" म्हणत होती. मला मात्र या वासाने एक निळी मोटार आठवते.

रेवा, तू जर्मनीत गाड्यांचं डिझाइन शिकतेस आणि तुझ्या सरांनी तुम्हाला घरच्या सर्वांत वयस्कर माणसाला एक प्रश्न विचारायला सांगितलाय: गाडीत तुम्हाला काय आवडतं, एका वाक्यात सांगा. तुझ्या भावाने, निहारने, खाली स्वतःचा प्रश्न जोडलाय, की आजी, तुझी सगळ्यात जास्त स्पीड किती होती. निहारचं उत्तर सोपं आहे. ताशी पंचावन्न किलोमीटर, तेही उतारावर. तुझं उत्तर एका वाक्यात बसेना. बत्तीस वर्षं मुलांना "थोडक्यात लिहा" म्हणून सांगणाऱ्या बाईवर ही वेळ यावी याचं तुमच्या आजोबांना फार हसू आलं. ते समोरच्या खुर्चीत भिंग घेऊन बसलेत आणि माझं एकेक पान झालं की तपासतायत.

तू पाठवलेलं चित्र आम्ही दोघांनी बराच वेळ पाहिलं. देखणी गाडी आहे. पाण्याने गुळगुळीत केलेल्या दगडासारखी. आत मात्र एकही बटण नाही, एकही दांडा नाही. समोर नुसती काळी काच आणि सगळं तिच्यावर बोट फिरवून करायचं. आजोबा म्हणाले, या गाडीत डोळे मिटून काहीच करता येणार नाही. मी म्हटलं, गाडी डोळे मिटून चालवतच नाहीत. पण त्यांचं म्हणणं मला कळलं. आमच्या निळ्या गाडीत सगळं बोटांनी बघता यायचं. चोकची गोल मूठ थंड, खरखरीत कडेची. दिव्यांचा झोत खाली करायचं बटण डाव्या पायाशी. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, पोळपाटावरचं लाटणं हाताला सापडावं तसा सापडायचा. पुढच्या खिडकीला एक छोटी तिकोनी काच होती. ती नेमकी किती उघडली की वारा तोंडावर न येता मानेवर येतो, हे त्या गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं माप होतं. आता ती काच कुठल्याच गाडीला नसते. का काढली असेल? कुणीतरी हिशेब केला असेल, की थंड हवेचं यंत्र आलं, आता हिची गरज काय. मला त्या माणसाशी एकदा बोलायचं आहे.

पण मी सांगत होते हंगामाचं.

आम्ही तेव्हा वालचंदनगरला स्टाफ क्वार्टरमध्ये राहत होतो. तुमचे आजोबा साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, इंग्रजी घेऊन एम. ए. झालेली, आमच्या दोन्ही घरांतली पहिली. जूनमध्ये बारामतीच्या एका कॉलेजात मला एका वर्षापुरती नोकरी मिळाली. पहिला तास साडेसातचा. प्राचार्य कडक होते. त्यांच्या कोटाची तिन्ही बटणं मे महिन्यातही लावलेली असत. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला. पहिल्या तासाला वर्षभरात तीन उशीर झाले तर पुढच्या जूनमध्ये या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल. एकही झाला नाही तर तुम्हाला कायम करण्याची शिफारस मी स्वतः करीन. एक किंवा दोन झाले तर काय, हे ते बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही.

वालचंदनगर ते बारामती तीस-पस्तीस किलोमीटर. पावसाळ्यात एसटीने मी वेळेवर पोचायची. पण हंगाम सुरू झाला की तो रस्ता रस्ता राहत नसे. पहाटेपासून उसाच्या बैलगाड्यांची रांग, एकामागे एक, शिंगाला शिंग. एसटी त्यांच्यामागे बैलाच्या चालीने चालायची. कंडक्टर खाली उतरून तंबाखू मळत मळत बरोबर चालायचा आणि पुन्हा चढायचा. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही. म्हणून तर जूनमध्येच आजोबांनी इंदापूरहून ती जुनी निळी गाडी आणली होती. मला चालवायला शिकवलं कॉलनीच्या मैदानावर, रविवारी, फुटबॉलची पोरं हाकलून. हंगामात आजोबांना एक दिवसाची रजा मिळणं शक्य नव्हतं. ते मला सोडायला येणार नव्हते. गाडी मीच चालवणार होते. तेव्हा सगळ्या कॉलनीत मोटार चालवणारी बाई एकही नव्हती, पण लोकांनी त्याचं फार काही केलं नाही. त्यांना वाटलं, गाडीच चालणार नाही.

आता माझ्या वडिलांविषयी. आबा वडगाव निंबाळकरला दुसऱ्याच्या वस्तीवर उसाची टायरगाडी हाकायचे. लाकडी चाकांची गाडी जाऊन रबरी टायरची बैलगाडी आली, ती त्यांच्या डोळ्यांदेखत. त्यांच्या तोंडून मी वाहनांबद्दल जे ऐकलं तेवढं पुढे कुठल्याही पुस्तकात मिळालं नाही. दोन चाकांच्या गाडीचं सगळं गणित आसावर असतं. पुढे ओझं जास्त झालं की जू बैलांच्या मानेत रुततं. मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, म्हणजे मागे कलते आणि जू वर उचलून बैलांना लटकवते. दोन्हीच्या मध्ये कुठेतरी असा एक तोल असतो, की दोन टनांचं ओझं असून बैलाच्या मानेवर एक कळशीभर वजन येतं. आबा मोळ्या रचून झाल्या की धुरा, म्हणजे जुवापर्यंत जाणारा लांब दांडा, एका हाताने उचलून बघत. तळहाताला कळायचं. मग म्हणत, "आता बैलाला वाटंल, आपुन फिरायला निघालोय." रेवा, तुझ्या पुस्तकात याला गुरुत्वमध्य म्हणत असतील. आबांची शाळा चौथीला सुटली होती.

बाबासाहेबांच्या मागोमाग आमच्या वस्तीने दीक्षा घेतली तेव्हा मी पाळण्यात होते. त्यानंतर आबांनी गावकीची कामं सोडली आणि एक गोष्ट मनाशी घट्ट धरली. कुणाकडे सवलत मागायची नाही. मी कॉलेजात लागले तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं, "लोकं बघत असत्यात. येळंवर जायचं, येळंवर यायचं. म्हणायला जागा ठिवायची न्हाय." मी ती ठेवली नव्हती. कॉलेजात माझे वडील काय करतात हेसुद्धा मी कुणाला सांगितलं नव्हतं. लाज वाटत होती असं नाही. पण "शेती करतात" म्हणून मी मोकळी व्हायची, आणि ते दोन शब्द घरापर्यंत माझ्याबरोबर यायचे.

पावसाळ्यात आजोबांनी गाडी पूर्ण खोलली. मडगार्डच्या कडा, पेडल, स्प्रिंगा, नट, झाकणं, सगळं गंजलेलं. साखर कारखान्याच्या गावात गंज काढायची एक रीत आहे, ती दुसरीकडे कुणाला सुचणार नाही. मळीत पाणी मिसळायचं, त्यात लोखंड बुडवायचं आणि दोन-तीन आठवडे विसरून जायचं. मळी गंज खाते आणि लोखंडाला हात लावत नाही. वास सुटतो, शेजारी बोलायचे बंद होतात, पण लोखंड असं निघतं की जणू काल ओतलंय. आबांच्या मालकाकडे जनावरांच्या खाद्यात घालायला मळी असायची, तिथून एक पिंप आलं. (आजोबा म्हणतायत, प्रमाण लिही: एक भाग मळी, आठ भाग पाणी. लिहिलं.)

व्यवस्था माझ्याकडे होती. प्रत्येक भागाला पत्र्याचा छोटा तुकडा तारेने बांधून त्यावर ऑइलपेंटने मी इंग्रजीत नाव लिहिलं होतं. माझी वही होती, वहीत तीच नावं क्रमाने. काय आत गेलं, काय बाहेर राहिलं, सगळं टिपलेलं. एका संध्याकाळी आजोबा पाळीला गेले होते आणि ओट्यावर एक वस्तू तशीच राहिली होती, तेलाने आणि धुळीने काळी झालेली. इतकं सगळं स्वच्छ होत असताना ती एकटीच घाणेरडी का राहावी? मी तिला तार बांधली, पत्रा लावला आणि पिंपात सोडली. वहीत खूण केली.

तो कार्बोरेटर होता. इंजिनात पेट्रोल आणि हवा किती मिसळायची हे ठरवणारा, गाडीच्या श्वासाचा अवयव. तो लोखंडाचा नसतो. जस्ताच्या ओतकामाचा असतो. आणि मळी लोखंड सोडते, जस्त खाते.

दसऱ्याच्या आधी आजोबांनी पिंप रिकामं केलं. बाकी सगळं लखलखीत. कार्बोरेटर मात्र वाळवी लागलेल्या दारासारखा. कडा झडलेल्या, अंगावर खड्डे, बोटाने दाबलं तर भुगा. आजोबांनी तो हातात उलटसुलट केला आणि म्हणाले, माझ्याकडून चुकून गेला वाटतं. मी दारात उभी होते. माझ्या हातात वही होती. ती मी मिटली.

आठ दिवस बोलले नाही. ते वर्कशॉपमध्ये सांगत राहिले की माझी चूक, आणि तिथले लोक त्यांना "काय वो, मळीवाले" म्हणत राहिले. त्यांना त्यांच्या कामाचा किती अभिमान होता हे तुम्ही त्यांना आज बघूनही ओळखाल. नवव्या दिवशी जेवताना मी सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि म्हणाले, "मला ठाऊक आहे. पत्र्यावर तुझं अक्षर होतं."

मग बोलला का नाहीत, असं मी विचारलं. ते म्हणाले, तू बोलशील म्हणून थांबलो होतो.

आत्ता हे पान वाचून ते म्हणतायत, आठ दिवस नाही, सहा. मी आठच ठेवते आहे. ते थांबले होते, मोजत मी होते.

नवा कार्बोरेटर मुंबईहून यायला सहा महिने लागतील असं कळलं. तोवर दिवाळी झाली, चिमणीतून धूर निघाला, कारखान्याच्या भोंग्याची वेळ बदलली आणि रस्त्यावर गाड्यांची रांग लागली. पहिल्या पंधरवड्यात एसटीने मला दोन उशीर झाले. दोन्ही वेळा प्राचार्य वर्गाच्या दाराशी घड्याळ बघत उभे होते. दोन्ही वेळा त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली.

त्याआधीच, दसरा होताच, आम्ही इंदापूरला हमीदभाई नावाच्या मिस्त्रींना गाठलं होतं. त्यांच्या शेडमध्ये एका जुन्या जीपचा कार्बोरेटर होता. तो आमच्या इंजिनावर बसणारा नव्हता. भोकं वेगळी, तोंड मोठं. हमीदभाई म्हणाले, मध्ये एक पट्टी घाला, बसंल. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, दोन येगळ्या घरची माणसं हायेत. नांदतील, पण आवाज करतील." आजोबांनी पाळी संपल्यावर घरी, ओट्यावर बसून, कानशीने घासून ती पट्टी केली. पाच रविवार आणि मधल्या कितीतरी दुपारी. कानशीचा तो आवाज मला अजून ऐकू येतो, पोपटाने बदामाचं कवच कुरतडावं तसा. सहाव्या रविवारी गाडी सुरू झाली, आणि खरंच आवाज करत सुरू झाली.

ती चालताना बरी होती. थांबली की गुदमरायची. जीपचा श्वास मोठा, आमच्या इंजिनाची छाती लहान. चार चाकं फिरत असली तर ठीक. मिनिटभर जागच्या जागी उभी राहिली की खोकून बंद पडायची, आणि गरम असताना पुन्हा सुरू व्हायला दहा मिनिटं तरी घ्यायची, नाही तर ढकलावी लागायची. हमीदभाईंनी मला कानाने गाडी चालवायला शिकवली. बॉनेट उघडून म्हणाले, डोळे बंद करा, ऐका, आता तिला भूक लागलीय, आता तिचं पोट भरलंय. आज तुमच्या बाबाच्या नव्या विजेच्या गाडीत बसले की मला हरवल्यासारखं होतं ते याचसाठी. ती काही बोलतच नाही. गुणी आहे, धूर नाही, थरथर नाही. तुमच्या बाबाने, मिलिंदने, गेल्या वर्षी तिच्यातून आम्हाला भिगवणला पक्षी दाखवायला नेलं तेव्हा वाटेत एका म्हशीला आम्ही आल्याचं कळलंच नाही. म्हैस दचकली, आम्ही दचकलो. गाडी एकटी शांत होती. पण मी तक्रार करत नाही. ज्या हवेत तुम्ही मोठे होणार ती स्वच्छ राहावी, यासाठी माझ्या कानांनी थोडा एकटेपणा सोसावा एवढं चालेल.

तर मी पहाटे साडेपाचला निघायची. थंडीत काचेवर दव. चोक पूर्ण ओढायचा, मग पाव आत, मग अर्धा. शेजारच्या सीटवर पुस्तकं, डबा आणि साडीला डाग पडू नये म्हणून एक जुनं पातळ. जंक्शन, लासुर्णे ही दोन गावं, आणि मग उसाच्या गाड्याच गाड्या. प्रत्येक गाडीच्या आसाला कंदील टांगलेला, तो हलायचा आणि त्याच्या उजेडात बैलांचे पाय दिसायचे. वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पाल्याचा, हिरवा वास, बैलांच्या घामाचा वास, कुठे शेकोटी. गाड्यांवर मोळ्यांच्या वर झोपलेली मुलं, चादरीतून फक्त एक पाय बाहेर. ऊसतोडीची माणसं लांबून आलेली, मराठवाड्यातली. मी थांबू शकत नाही हे त्यांना चार दिवसांत कळलं. कसं कळलं ते मला माहीत नाही. गाडीच्या खोकण्यावरून कळलं असावं. मागून कुणीतरी हाळी द्यायचं आणि गाडीवान कासरा ओढून बैल डावीकडे घ्यायचे, एकापाठोपाठ एक, अगदी कालव्यापर्यंत. मी हात करायची. काहीजण हात करायचे. काही नुसते बघायचे, आणि एक म्हातारा दर वेळी मान खाली घालून हसायचा, मला चिडवल्यासारखा.

आज त्याच रस्त्याने दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर जातात. टपावर लाल निळे दिवे, छातीत धडधड होईल एवढं गाणं, मागे फडक्यावर शिवलेले चकाकणारे तुकडे. त्यांच्याही ट्रॉलीची रचना मी उभी राहून बघते. दुसऱ्या ट्रॉलीचा आस कुठे आहे, भार कुठे आलाय. जुनी खोड आहे. दुकानदार विचारतो, आजी, रस्ता ओलांडायचाय का?

जानेवारीतल्या त्या सकाळी मी वेळेत होते. कालव्याच्या पुलाला चढ आहे. चढावर पुढची एक गाडी थांबली, आणि माझ्या डोळ्यांसमोर तिच्या मोळ्या मागे सरकल्या. मी ते दृश्य लहानपणी दोनदा पाहिलं होतं. मागची बाजू खाली बसली, धुरा वर गेला, जू उचललं आणि दोन्ही बैलांचे पुढचे पाय जमिनीवरून सुटले. गळ्यातल्या पट्ट्यांना ते लोंबकळायला लागले. गाडीवान तरुण होता. तो एका बैलाचा पट्टा सोडायला धावला.

माझी गाडी खोकून बंद पडली. तिसरा उशीर, एवढंच मनात आलं, आणि ते पूर्ण व्हायच्या आधी मी खाली उतरले होते. मी त्याला ओरडून सांगितलं, पट्टा सोडू नको. एक बैल सुटला असता तर सगळी गाडी पालथी होऊन दुसरा मेला असता. मी धुऱ्याला दोन्ही हातांनी लोंबकळले. त्याची बायको वर मोळ्यांवर होती, घाबरून घट्ट धरून बसलेली.

"मागच्या मोळ्या खाली टाक," मी म्हटलं. "सगळ्यात मागच्या आधी."

"बाई, तुमचं लुगडं..."

"टाक गं."

तिने टाकायला सुरुवात केली. मागच्या गाड्यांवरची माणसं धावत आली आणि तीही धुऱ्याला लोंबकळली. हळूहळू, पाण्यात नाव बसावी तशी, गाडी सरळ झाली. बैलांचे पाय टेकले. तरुण एका बैलाच्या गळ्याला मिठी मारून उभा राहिला. पुढे कळलं की बैल त्याचे स्वतःचे होते आणि त्याच्याकडे तेवढंच होतं.

तो नेहमी मान खाली घालून हसणारा म्हातारा माझ्या शेजारी धापा टाकत होता. त्याने विचारलं, "मास्तरीनबाई, तुमाला ह्ये कसं ठावं?"

"माझे वडील गाडीवान आहेत," मी म्हटलं. "वडगावला. उसाची गाडी हाकतात."

 सहा महिन्यांत कॉलेजात जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते कालव्याच्या पुलावर वीस अनोळखी माणसांना सांगितलं होतं. म्हातारा माझ्या बंद पडलेल्या मोटारीकडे वळला. "आन् ही? ही बी उलाळ हाय का?" सगळे हसले. मीही. मग त्यांनीच ती ढकलली, पुलावरून पलीकडच्या उतारापर्यंत, आणि ती खोकत खोकत सुरू झाली.

मी कॉलेजात पोचले तेव्हा आठला दहा कमी होते. साडीच्या निऱ्यांना चिखल, कोपराला उसाच्या पात्याने कापलेलं, हाताला वंगण. प्राचार्य माझ्या वर्गात, माझ्या खुर्चीवर बसले होते. ते उठले, बाहेर गेले, आणि मी उरलेला तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही. तास संपल्यावर शिपाई आला, साहेबांनी बोलावलंय.

त्यांनी मला बसायला सांगितलं. मी उभीच राहिले. काय झालं असं त्यांनी विचारलं, आणि मी जे झालं ते सांगितलं, वडील गाडीवान आहेत हेही सांगितलं. ते ऐकत होते. कोटाचं मधलं बटण त्यांनी सोडलं आणि पुन्हा लावलं.

"बैलांना काही झालं?"

"नाही, सर. एकाच्या मानेला खरचटलंय."

त्यांनी डायरी काढून तिसरा उशीर नोंदवला. मला दिसेल असा. मग विचारलं, हंगामात हा रस्ता असा असतो हे तुम्हाला जूनमध्ये ठाऊक होतं ना? मी हो म्हटलं. मग तेव्हाच का नाही बोललात?

"मला सवलत मागायची नव्हती, सर."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते स्वतः कुठल्या घरातून आले होते, त्यांच्या वडिलांनी काय हाकलं होतं, मला माहीत नव्हतं आणि पुढेही कळलं नाही. पण त्या क्षणी ते मला पहिल्यांदा दमलेले दिसले.

"वेळापत्रक मी केलंय," ते म्हणाले. "त्यातली चूक दाखवायला तुम्हाला कसली सवलत लागते?"

भिंतीवरचा मोठा तक्ता त्यांनी खाली उतरवला, टेबलावर पसरला, खोडरबराने पहिल्या तासातलं माझं नाव खोडलं आणि तिथे स्वतःचं घातलं. माझं नाव दुसऱ्या तासाला गेलं. मग त्यांनी फुंकर मारून खोडरबराचा चुरा उडवला. दोन मिनिटांचं काम होतं. त्यासाठी आम्ही एक गाडी खोलली होती, एक कार्बोरेटर मळीला खाऊ घातला होता, आजोबांनी पाच रविवार कानस मारली होती, आणि तरी माझ्या मनात कधी आलं नव्हतं की त्या तक्त्याला खोडरबर लागू शकतं. रेवा, तुला यातून काही शिकवायचं म्हणून मी सांगत नाही. मला स्वतःलाच अजून नीट कळलेलं नाही. गाडी केली नसती तर मी त्या पुलावर गेले नसते, एवढं मात्र कळतं.

मी ते आबांना सांगायला रविवारी वडगावला गेले. वाटत होतं, रागावतील. त्यांनी उलाळ गाडीचं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं, धुरा कुठे धरला, किती माणसं लागली ते विचारलं. शेवटी मी वेळापत्रकाचं सांगितलं. मग म्हणाले, "त्या सायबांनी आपल्या हातानं खोडलं?" मी हो म्हटलं. "मंग आसू दे," ते म्हणाले, आणि माझ्या गाडीच्या बॉनेटवर बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा हात ठेवून उभे राहिले.

पुढच्या जूनमध्ये, डायरीत तीन उशीर असूनही प्राचार्यांच्याच शिफारशीने, त्या खुर्चीवर मीच होते, आणि त्यानंतर बत्तीस वर्षं. पण मला आठवतो तो उरलेला हंगाम. फेब्रुवारी, मार्च. मी मात्र सवयीने साडेपाचलाच निघायची आणि कधी कधी साडेसातलाच पोचायची. मग खाली आंब्याच्या झाडाखाली गाडीत बसून राहायची. तिकोनी काच उघडी. वरच्या खिडकीतून प्राचार्यांचा आवाज यायचा. माझ्या वर्गाला, माझ्या जागी, ते इंग्रजी कविता शिकवत असायचे. व्याकरण पक्कं होतं त्यांचं. कविता मात्र ते नोटीस वाचल्यासारखी वाचत, प्रत्येक ओळीनंतर थांबून, जणू कुणी हरकत घेतंय का ते बघत. मुलं बिचारी ऐकायची. घंटा झाली की मी वर जायची, ते दारात थांबायचे, उरलेला खडू माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "आज गाड्या?"

मी म्हणायची, "सगळ्या सरळ, सर."